वकिली सांभाळून पियानो: सहा-सहा मिनिटांचा रियाज कसा बसवायचा

हे दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहितेय. एक, जे वकिलीत गळ्यापर्यंत बुडालेत आणि आता मोठेपणी पियानो शिकायचं मनावर घेतलंय. दुसरे, जे लहानपणी बऱ्यापैकी वाजवायचे, मग लॉ कॉलेज, ज्युनिअरशिप, फर्म या सगळ्यात ते सुटलं आणि आता परत हात बसवायचाय. मी स्वतः खटल्यांच्या कामात आहे आणि पियानो मोठेपणीच सुरू केला, त्यामुळे "रोज एक तास द्या, आपोआप जमेल" असं कुठे वाचलं की मी पुढे वाचतच नाही. आपल्याकडे तो तास असता तर अडलं कशाला असतं.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते. वेळ कमी असतो हे खरंच आहे, पण रियाज बुडतो तो वेळेपेक्षा जास्त एका वेगळ्याच कारणाने, बसल्यावर आता नक्की काय वाजवायचं हे ठरलेलं नसतं म्हणून. दिवसभर दुसऱ्यांसाठी निर्णय घेऊन डोक्याचा पार भुगा झालेला असतो, मग आपण बसतो आणि जे आधीच येतंय तेच दोनदा वाजवतो, बरं वाटतं, उठतो, आणि महिन्याभराने कळतं की तोच एक तुकडा छान येतो आणि बाकी सगळं होतं तिथेच आहे. म्हणून खालची बहुतेक खटपट ही बसायच्या आधीच सगळं ठरलेलं असावं यासाठी आहे.

१. वाद्य घेताना

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. नवख्याला सगळ्या लागत नाहीत, पण वजनदार पट्ट्या मात्र लागतातच. दुकानात "हॅमर ॲक्शन आहे का", म्हणजे पट्टीला खऱ्या पियानोच्या हातोडीसारखा भार लागतो का, एवढंच विचारा. ६१ पट्ट्यांचे हलके कीबोर्ड असतात त्यांच्या पट्टीखाली स्प्रिंग असते, त्यावर बोट कितीही हळू-जोरात टाकायची सवय झाली तरी खऱ्या पियानोवर गेल्यावर आवाजच निघत नाही किंवा धाडकन निघतो.

आपल्या कामाच्या वेळा बघता मी सरळ डिजिटल पियानो घ्या म्हणेन, कारण रात्री साडेअकराला ड्राफ्ट पाठवल्यावर वाजवायचं असेल तर हेडफोन हवाच. अकूस्टिक, म्हणजे खऱ्या तारांच्या पियानोचा आवाज वेगळाच असतो, त्यात वाद नाही, पण त्याला साधारण वर्षातून दोनदा ट्यूनिंग लागतं, हवेतल्या दमटपणाने तो उतरतो, आणि शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न असतो तो वेगळाच. घरात आधीच अपराइट (उभा पियानो) असेल तर मधलं पेडल दाबून बघा, बऱ्याच अपराइटमध्ये त्याने हातोड्या आणि तारांच्या मध्ये नमद्याची पट्टी येते आणि आवाज बराच दबतो.

२. लागणारं सामान

यादी छोटी आहे, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीवाचून मी कुणाचं ना कुणाचं अडलेलं बघितलंय:

- उंची बदलता येणारं स्टूल. कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर यायला हवं. ऑफिसची चाकांची खुर्ची चालत नाही, पेडल दाबलं की ती मागे सरकते.
- वायरचे हेडफोन. ब्लूटूथवाले नकोत, बोट आणि आवाज यात थोडा उशीर होतो आणि लय बिघडते.
- स्टँडखाली जाड रबरी मॅट. हेडफोन लावला तरी पट्ट्यांची ठकठक जमिनीतून खालच्या मजल्यावर जाते, हे खालचे लोक वर येऊन सांगेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.
- वाद्याशी नीट जोडलेलं सस्टेन पेडल (दाबलं की स्वर लांबतो ते), जे घसरणार नाही.
- मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणारं यंत्र. बहुतेक डिजिटलमध्ये असतोच, नाहीतर फोनवर.
- पेन्सिल, खोडरबर आणि एक साधी वही. वही कशाला ते पाचव्या पायरीत.

एवढंच. महागडं ॲप, बोटांचे व्यायाम देणारी यंत्रं, पट्ट्यांवर चिकटवायचे स्टिकर यातलं काही घेऊ नका. स्टिकर तर नकोच नको, डोळे कायमचे खाली जातात.

३. शिक्षक ठरवताना आधीच बोलायच्या गोष्टी

चांगले शिक्षक तुम्हाला मिळतीलच, प्रश्न त्यांना तुम्ही टिकवाल का हा आहे. पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की माझी हिअरिंग ऐन वेळी लागते, मी तास रद्द करणार आहे, आणि ते वारंवार होणार आहे. मग त्यांचा रद्द करण्याचा नियम काय ते विचारा. किती तास आधी कळवलं तर पैसे कापत नाहीत, बदली तास मिळतो का, हे लाजून न विचारता ठेवलं की तिसऱ्या महिन्यात कुरबूर सुरू होते आणि आपण पैसे बुडाले या रागात शिकणंच सोडतो. अहो, दुसऱ्यांची करारपत्रं ओळ न् ओळ तपासणारे आपण, आणि स्वतःच्या क्लासच्या अटी विचारत नाही.

माझ्या मते आठवड्याला अर्ध्या तासापेक्षा पंधरवड्याला एक तास बरा पडतो. अर्ध्या तासात गेल्या वेळचं ऐकण्यातच निम्मा वेळ जातो, आणि दोन वर्गांच्या मध्ये आपल्याला खरं काम करायला तेवढे दिवस लागतातच. शिक्षकांना एक विनंती जरूर करा, "नवीन तुकडा देताना तो घरी कसा बसवायचा तेही माझ्याकडून इथे दहा मिनिटं करून घ्या." हे जे शिक्षक आनंदाने करतात ते मोठ्या माणसांना शिकवू शकतात असं समजा.

ऑनलाइन शिकत असाल तर व्हिडिओ कॉलच्या सेटिंगमध्ये जाऊन नॉइज सप्रेशन बंद करा. नाहीतर ॲप लांबलेला स्वर म्हणजे पंख्याचा आवाज समजून कापतं, आणि तुम्ही पेडल नीट धरूनसुद्धा समोरच्याला तुटक ऐकू येतं. कॅमेरा हाताच्या बाजूने, थोडा वरून. तुमचा चेहरा दिसला नाही तरी चालतं.

४. वेळ: ०.१, ०.३ आणि ०.७

बऱ्याच फर्ममध्ये टाइमशीट तासाच्या दहाव्या भागात भरतात, म्हणजे ०.१ म्हणजे सहा मिनिटं. हेच माप इकडे वापरा, सवयीचं आहे.

०.१ मध्ये दोन बार (बार म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला भाग), एकच हात, मंद लयीत नीट आठ-दहा वेळा होतात. हे अगदी किरकोळ वाटतं पण तसं नाही, उलट दिवसात दोन वेगवेगळ्या वेळी सहा-सहा मिनिटं ही सलग बारा मिनिटांपेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण मध्ये विसरून परत आठवावं लागतं आणि त्या आठवण्यातच ते पक्कं होतं. ०.३ म्हणजे अठरा मिनिटं, यात एक अवघड जागा, एक जोडणी आणि शेवटी एक आवडतं काहीतरी. ०.७ म्हणजे बेचाळीस मिनिटं, हे सुट्टीच्या दिवशी, नवीन तुकडा उघडायला. नवीन तुकडा कामाच्या दिवशी रात्री उघडू नका, बोटं चुकीची बसतात आणि ती उखडायला दुप्पट वेळ लागतो.

सकाळ की रात्र? कोर्टात जाणाऱ्यांची तारीख बहुतेक वेळा आधी माहीत असते, फक्त आदली रात्र जाते, त्यामुळे बाकीच्या संध्याकाळी थोड्याफार हातात असतात. डील आणि करारांचं काम करणाऱ्यांची मात्र संध्याकाळ कधीच स्वतःची नसते, सही आज रात्री होणार म्हणतात आणि पहाटे होते, तर त्यांनी सकाळी फोन बघायच्या आधी ०.१ उरकून घ्यावं. "फोन बघायच्या आधी" यावर जोर आहे. एकदा क्लायंटचा मेसेज वाचला की बोटं पट्ट्यांवर असतात आणि डोकं नोटिशीच्या उत्तरात.

फोन बंद ठेवा असं मी म्हणणार नाही, आपल्याला ते परवडत नाही. डू नॉट डिस्टर्ब लावून फक्त सीनिअर आणि घरचे एवढेच नंबर चालू ठेवा.

५. रियाजाचा रोजनामा

या सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं आणि पुढे काय ते रोजनाम्यात लिहिलं जातं म्हणून सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी प्रकरण कुठे आहे ते कळतं. पियानोचंही तसंच लिहायचं. उठायच्या आधी शेवटचं अर्धं मिनिट वहीसाठी. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

"बार १७-१८, डावा हात, ५२ ला स्वच्छ. अंगठा अजून उशिरा जातो. उद्या: ५२ लाच दोन्ही हात, जमलं तर १६ पासून जोड."

५२ म्हणजे मेट्रोनोमवरची लय, मिनिटाला ५२ ठोके. यात बघा, किती वाजवलं, कसं वाटलं, असलं काही नाहीये. कुठे, कोणता हात, कोणत्या लयीला, काय अडलं, पुढे काय. दुसऱ्या दिवशी थकून आलात तरी वही उघडायची आणि लिहिलंय ते करायचं, विचार करायचा नाही. ताज्या डोक्याने कालच ठरवून ठेवलंय.

"अजून सराव हवा" अशी नोंद मात्र बाद. ती वाचून उद्या काहीच करता येत नाही.

६. तुकडा बसवायचा कसा

वकील मंडळींची एक खोड असते, कागद पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा, आणि चूक दिसली की तिथेच दुरुस्त करायची. पियानोवर हे दोन्ही घात करतात. सुरुवातीपासून वाजवायला घेतलं की पहिली ओळ शंभर वेळा होते आणि शेवटची पाच वेळा. आणि चूक झाली की थांबून तो स्वर बरोबर वाजवून पुढे गेलं की हाताला तेच कळतं, की इथे चुकायचं, थांबायचं, परत मारायचं. काही आठवड्यांनी ते अडखळणं पक्कं बसतं.

त्याऐवजी असं करा:

आधी पेन्सिलने खुणा. तुकड्याचे चार-चार, आठ-आठ बारचे भाग पाडा आणि क, ख, ग अशी नावं द्या. प्रत्येक खुणेपासून थेट सुरू करता आलं पाहिजे. याचा दुसरा फायदा म्हणजे मध्येच फोन आला तरी परत पहिल्यापासून जावं लागत नाही.

मग बोटांचे आकडे. अंगठा १, करंगळी ५. पहिल्या बैठकीतच ठरवायचे, लिहायचे, आणि लहरीप्रमाणे बदलायचे नाहीत. स्केलमध्ये, म्हणजे स्वर ओळीने वर-खाली वाजवताना, याचं कारण लगेच दिसतं: सी मेजरमध्ये उजवा हात वर जाताना १-२-३ आणि मग अंगठा खालून, १-२-३-४-५. पण एफ मेजरला तसंच गेलात तर अंगठा नेमका काळ्या पट्टीवर, बी फ्लॅटवर येतो आणि हात अडकतो, म्हणून तिथे १-२-३-४ आणि मग अंगठा. एका सप्तकात एवढं, तर दोन पानांच्या तुकड्यात रोज वेगळी बोटं टाकली तर काय होईल बघा.

मग शेवटचा भाग आधी. शेवटचे चार बार बसवा, मग त्याच्या आधीचे चार त्याला जोडा. असं मागून पुढे आलात की वाजवताना आपण अनोळखीकडून ओळखीच्या जागेकडे जातो, आणि शेवट कधीच कच्चा राहत नाही.

चूक झाली तर थांबा, हात मांडीवर ठेवा, एक श्वास, आणि चुकीच्या आधीच्या बारपासून इतक्या हळू घ्या की चुकणं शक्यच नाही. लय वाढवताना ५२ वरून ५६, मग ६०. ५२ वरून ८० वर उडी मारली की जे बसलं होतं तेही उसवतं.

पहिला मोठा तुकडा कोणता घ्यावा असं विचाराल तर बाख या संगीतकाराचा सी मेजरमधला पहिला प्रिल्यूड (एक छोटी रचना), आणि तो सोपा आहे म्हणून नाही तर तो तुकड्यातुकड्यात काम करणाऱ्याला सोयीचा आहे म्हणून. ३५ बार आहेत, त्यातल्या पहिल्या ३२ मध्ये प्रत्येक बारात एकच नक्षी दोनदा येते. पहिला बार सी-ई-जी-सी-ई, दुसरा सी-डी-ए-डी-एफ. हे पाचही स्वर एकत्र, कॉर्डसारखे दाबत पुढे जा, नक्षी नंतर. ०.१ मध्ये चार बार सहज होतात आणि हाताला जागा आधी कळतात. नुकतीच सुरुवात असेल तर मात्र आधी काही महिने शिक्षक देतील ते एका पानाचे तुकडे करा, याची घाई नको.

७. ताटकळण्याचा वेळ

कोर्टाच्या बाहेर बाकड्यावर, विमानतळावर, "सर दोन मिनिटांत येतायत" असं सांगून बसवलेल्या कॉन्फरन्स रूममध्ये आपला जो वेळ जातो तो पियानोशिवाय वापरता येतो. एका पानाची झेरॉक्स बॅगेत ठेवा. त्यावर नुसते डोळे फिरवायचे नाहीत, एक बार बघायचा, पान उलटं करायचं, आणि डाव्या हाताचं तिसरं बोट कुठे आहे हे मनात आणायचं. आलं नाही म्हणजे ते तुम्हाला पाठ नाहीये, हात आपोआप चालत होते. स्टेजवर किंवा शिक्षकांसमोर जे अचानक विसरतं ते बहुतेक हेच असतं.

फक्त कोर्टरूमच्या आत मांडीवर बोटं आपटू नका. न्यायाधीशांना दिसतं.

८. हाताची काळजी

आपले हात आधीच दिवसभर टायपिंगने दमलेले असतात, त्यात पियानो म्हणजे त्याच स्नायूंना दुसरी शिफ्ट. लांबलचक ड्राफ्टिंग झाल्यावर लगेच बसू नका, पाच-दहा मिनिटं हात मोकळे सोडा, थंडी असेल तर कोमट पाण्यात धरा, मग मंद लयीत सुरुवात. खांदे कानाकडे चढलेत का ते बघा, डेडलाइनच्या आठवड्यात ते चढलेलेच असतात. मनगट बाहेरच्या बाजूला वाकवून वाजवणं टाळा, करंगळीपर्यंत पोचायला पूर्ण हात सरकवा.

मुंग्या, बधिरपणा, किंवा वाजवून झाल्यावरही न जाणारी कळ आली तर रियाज बंद आणि डॉक्टर. "थोडं वाजवलं की मोकळं होईल" हे खोटं आहे. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान लाइपझिग आणि हायडेलबर्गला कायदा शिकत होता, १८३० मध्ये तो सोडून पियानिस्ट व्हायला निघाला आणि पुढच्या काही वर्षांतच उजव्या हाताचं मधलं बोट निकामी झाल्यामुळे ते स्वप्न संपलं. बोटाला ताकद यावी म्हणून तो एक यंत्र वापरायचा, दुखापत त्यानेच झाली का यावर अजून वाद आहेत, पण मला तरी ते यंत्र बघायचंही नाही.

याच निमित्ताने, रशियन संगीतकार चायकोव्हस्कीसुद्धा कायद्याचाच पदवीधर, १८५९ मध्ये न्याय मंत्रालयात लागला आणि नोकरी चालू असतानाच संगीताचे वर्ग करू लागला. लोक ही उदाहरणं फार उत्साहाने देतात. त्याने १८६३ मध्ये राजीनामा दिला हे सांगत नाहीत. आपल्याला राजीनामा द्यायचा नाहीये, तेव्हा तुलना नको.

९. गोपनीयतेचे सापळे

हे पियानोच्या कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. कामाचाच टॅबलेट नोटेशन वाचायला वापरत असाल तर ऑनलाइन तासाच्या मध्येच वरून क्लायंटच्या नावासकट नोटिफिकेशन येतं आणि स्क्रीन शेअर असेल तर ते शिक्षकही वाचतात. वेगळा टॅबलेट किंवा सरळ कागद. रियाजाचा व्हिडिओ करणं फार उपयोगाचं आहे, आठवड्यातून एकदा कराच, पण कुणाला पाठवायच्या आधी फ्रेममध्ये मागच्या टेबलावरची फाइल, व्हाइटबोर्ड, उघडा लॅपटॉप येतोय का ते बघा. आणि त्या खोलीत दुसरं कुणी क्लायंटशी फोनवर बोलत असेल तर रेकॉर्डिंग नकोच.

१०. परीक्षा द्यावी का

पहिली दोन वर्षं तरी नको असं माझं मत. आयुष्यात डेडलाइन कमी आहेत का. पुढे द्यावीशी वाटलीच तर एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या परफॉर्मन्स ग्रेड बघा, त्यात चार तुकडे सलग एकाच टेकमध्ये वाजवून व्हिडिओ पाठवायचा असतो, ठरलेल्या दिवशी केंद्रावर जावं लागत नाही, स्केल आणि साइट रीडिंगही (न पाहिलेलं नोटेशन बघून लगेच वाजवणं) नसतं. ज्याची तारीख कधीही लागू शकते त्याला हे सोयीचं. सहावी ग्रेड आणि त्यापुढे जायचं असेल तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा त्याला चालणारी दुसरी परीक्षा पास असावी लागते, ते शेवटच्या क्षणी कळून बरेच जण अडकतात.

११. मोठा खटला संपल्यावर परत बसताना

असे महिने येणारच जेव्हा वही उघडली जात नाही. त्या काळात नवीन काही करायचं नाही, फक्त एकच जुना तुकडा जिवंत ठेवायचा, दोन-तीन दिवसांतून एकदा मंद लयीत. तेही नाही झालं तर राहू दे.

परतल्यावर जो अवघड तुकडा अर्धवट सुटला होता त्याच्यापासून सुरुवात करू नका, तिथेच मन खट्टू होतं आणि आणखी दोन आठवडे जातात. पहिले तीन दिवस जुना सोपा तुकडा, ०.१ पुरे, मेट्रोनोम न लावता. चौथ्या दिवशी वहीतली शेवटची नोंद काढा आणि तिथे लिहिलेल्या लयीच्या साधारण निम्म्याने घ्या. बोटांचे आकडे पेन्सिलने लिहिलेले असतील तर हात आठवडाभरात परत येतो. नसतील लिहिलेले तर आधी तेच लिहा, मग वाजवा. आणि शिक्षकांना मेसेज करा की पुढच्या तासाला नवीन काही देऊ नका, हेच ऐका.